नावे लिहून ठेवणारे राष्ट्र



आजच्या व्याख्यानाचा विषय जाहीर झाला तेव्हा आमच्या एका स्नेह्यांनी आम्हाला वाटेत गाठले आणि विचारले, "ऑस्ट्रेलियावर बोलणार, तर मग क्रिकेटवरच का बोलत नाही? मांडव भरून जाईल!" त्यांचे म्हणणे अगदीच खोटे नव्हे. ऑस्ट्रेलिया म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे सिडनीचे आणि मेलबर्नचे मैदान उभे राहते. पण त्याच देशात आडबाजूच्या खेड्यात गेले, तरी तिथल्या चौकात बहुधा एक दगडी स्तंभ उभा असतो आणि त्यावर नावे कोरलेली असतात. गाव केवढेसे आणि यादी केवढी, असे पाहणाऱ्याला वाटते. दर वर्षी २५ एप्रिलला, पुरते उजाडण्यापूर्वी, लोक अशा स्तंभांभोवती मुकाट्याने जमतात.

हा दिवस कोणत्या विजयाचा असेल, असे तुम्हाला वाटेल. तो विजयाचा नाही. ज्या स्वारीची ही आठवण, ती स्वारी सपशेल फसली. आम्हा मराठी माणसांना याचे फार नवल वाटावयाचे कारण नाही. पानिपत होऊन अडीचशे वर्षे उलटली, तरी तो घाव आपल्या बोलीतसुद्धा जिवंत आहे. मनुष्य जसा सुखापेक्षा दुःखाने अधिक घडतो, तशी राष्ट्रेही घडत असावीत. पण नुसत्या दुःखाने राष्ट्र घडते काय? रक्त सांडले की राष्ट्र जन्मास आले, असे जे मोठ्या आवाजात सांगितले जाते, ते कितपत खरे? एका तरुण राष्ट्राची कहाणी समोर ठेवून या प्रश्नाचा विचार आज करावा, असा आमचा हेतू आहे.

प्रथम त्या राष्ट्राचे वय ध्यानात घ्या. सहा निरनिराळ्या ब्रिटिश वसाहतींचे मिळून ऑस्ट्रेलियाचे संघराज्य झाले ते १ जानेवारी १९०१ रोजी. पहिले महायुद्ध १९१४ च्या ऑगस्टमध्ये पेटले, तेव्हा हे राष्ट्र तेरा वर्षांचे होते. वस्ती पन्नास लाखांना थोडी कमी. आपली राजधानीही त्याने अजून बांधली नव्हती; संसद मेलबर्नमध्ये भरत असे. युद्ध पुकारावयाचे की नाही हे ठरविण्याचा अधिकार त्याच्या हाती नव्हता. इंग्लंडच्या राजाने युद्ध पुकारले म्हणजे ऑस्ट्रेलियाही युद्धात उतरला असा कायदाच होता. तरीसुद्धा उत्साह एवढा, की शेवटचा माणूस आणि शेवटचा शिलिंग खर्ची पडला तरी बेहत्तर, असे अँड्र्यू फिशर या मजूर पक्षाच्या पुढाऱ्याने युद्ध पुकारण्यापूर्वीच जाहीर करून टाकले होते. थोड्याच दिवसांत तोच देशाचा पंतप्रधान झाला.

मात्र एक गोष्ट कायद्यात पक्की होती. कोणालाही सक्तीने समुद्रापलीकडे लढावयास धाडता येत नव्हते. म्हणून जे सैन्य उभे राहिले ते सारे स्वखुशीचे. या स्वखुशीत काय काय मिसळलेले होते? इंग्लंडविषयीची माया होती, जग पाहण्याची हौस होती, सोबती निघाले म्हणून निघालेले होते. रोज सहा शिलिंग मिळतात म्हणून आलेलेही होते, कारण त्या साली दुष्काळ होता आणि कामधंदा मिळत नव्हता. माणसे देवदूत नसतात. रत्नागिरीचा किंवा साताऱ्याचा तरुण पलटणीत जातो तेव्हा त्याच्याही मनात असेच पाच-सात हेतू एकत्र नांदत असतात, आणि त्यामुळे त्याच्या शौर्याला काही उणेपणा येत नाही.

१ नोव्हेंबर १९१४ ला पश्चिम ऑस्ट्रेलियातील अल्बनी बंदरातून या सैन्याचा पहिला मोठा काफिला निघाला. वाटेत जी घटना घडली तिचा आपल्याशी जवळचा संबंध आहे. एमडन नावाच्या जर्मन युद्धनौकेने त्याच वर्षीच्या २२ सप्टेंबरला मद्रासवर तोफा डागून तेलाच्या टाक्या पेटवून दिल्या होत्या. त्या एमडनची वाट ९ नोव्हेंबरला कोकोस बेटांपाशी जिने कायमची अडविली ती या काफिल्याबरोबर असलेली सिडनी ही ऑस्ट्रेलियन नौका. पुढे या तरुणांना इजिप्तमध्ये उतरवून पिरॅमिडांच्या छायेत कवायत शिकविण्यात आली, आणि तिथून त्यांची रवानगी झाली तुर्कस्तानच्या गॅलिपोली या द्वीपकल्पावर.

गॅलिपोलीची कल्पना कागदावर मोठी देखणी होती. दार्दानेल्सची चिंचोळी सामुद्रधुनी ताब्यात घ्यावी, कॉन्स्टँटिनोपलवर चालून जावे, तुर्कस्तानला युद्धातून बाहेर काढावे आणि रशियाकडे जाणारा समुद्रमार्ग मोकळा करावा. १८ मार्च १९१५ ला आरमाराने एकट्याने हे करून पाहिले. पाण्यातल्या सुरुंगांनी तीन मोठ्या युद्धनौका बुडविल्या. मग जमिनीवर फौज उतरविण्याचे ठरले. पण या खटपटीत तुर्कांना पुरेसा इशारा मिळून गेला होता.

२५ एप्रिलच्या पहाटे ऑस्ट्रेलियाच्या आणि न्यूझीलंडच्या सैनिकांची कोअर किनाऱ्याला लागली. त्या कोअरच्या लांबलचक इंग्रजी नावाची आद्याक्षरे जुळवून 'अँझॅक' हा शब्द तयार झाला. तिचा सेनापती होता जनरल बर्डवुड. आणि हा बर्डवुड, श्रोतेहो, जन्मला कुठे? आपल्या पुण्याजवळच्या खडकीत, १८६५ साली! त्याचे वडील मुंबई इलाख्यात सनदी नोकर होते आणि पुढे मुंबईच्या उच्च न्यायालयात न्यायाधीश झाले.

समोर उंच, खडबडीत डोंगर आणि त्यांच्या माथ्यावर तुर्क. त्या तुर्कांच्या एका डिव्हिजनचा मुख्य होता मुस्तफा कमाल, पुढे ज्याने नवे तुर्कस्तान उभारले तोच. पहिल्या दिवशी सुमारे १६ हजार माणसे उतरली. रात्र पडेपर्यंत त्यांतली दोन हजारांच्या आसपास मेली किंवा जखमी झाली. फौज परत गलबतांवर घ्यावी काय, असे बर्डवुडने त्या रात्री वरिष्ठांना विचारले. उत्तर आले, की आता माघार नाही, खंदक खणा आणि टिकून राहा. खंदक खणले गेले, आणि दोनेक किलोमीटर लांबीच्या त्या तुटपुंज्या पट्टीवर हे सैन्य पुढे आठ महिने चिकटून राहिले.

इथे आपली माणसे नव्हती असे समजू नका. पहिल्याच दिवशी ऑस्ट्रेलियनांच्या मदतीला ज्या तोफा प्रथम धडाडल्या त्या हिंदुस्थानी पहाडी तोफखान्याच्या होत्या. खेचरांच्या पाठीवर तोफांचे सुटे भाग लादून शीख आणि पंजाबी मुसलमान गोलंदाजांनी त्या वर चढविल्या. पाणी जहाजांनी येई, आणि ते व दारूगोळा डोंगरावर पोचविण्याचे काम रात्रीच्या रात्री हिंदी खेचरवाले करीत. गुरखे होते, चौदावी शीख पलटण होती. ४ जून १९१५ च्या एका हल्ल्यात त्या पलटणीची बहुतेक वाताहत झाली. गॅलिपोलीवर एकूण सुमारे १५ हजार हिंदी लोक गेले आणि त्यांतले हजाराहून अधिक परत आले नाहीत. डब्यातले खारे मांस आणि दगडासारखी बिस्किटे खाऊन विटलेले ऑस्ट्रेलियन शिपाई या हिंदी लोकांच्या तळावर येत, बिस्किटे देऊन चपात्या घेत. ही चपाती, मंडळी, लक्षात असू द्या. तिच्याकडे आम्ही परत येणार आहोत.

त्या आठ महिन्यांतले दोनच प्रसंग सांगतो. १९ मेला तुर्कांनी मोठा हल्ला चढविला आणि तो कापून निघाला. सुमारे तीन हजार तुर्क दोन्ही खंदकांच्या मधल्या जागेत मरून पडले. उन्हाने प्रेते कुजू लागली. अखेर २४ मेला दोन्ही बाजूंनी एका दिवसापुरता तह केला आणि काल एकमेकांचे प्राण घेणारे लोक शेजारी शेजारी उभे राहून मृतांना माती देऊ लागले. कुणी सिगारेट दिली, कुणी बिल्ला दिला. संध्याकाळी बंदुका पुन्हा सुरू झाल्या.

दुसरा प्रसंग ७ ऑगस्टचा. 'नेक' म्हणजे मान. या नावाच्या एका अरुंद खिंडीवर घोडदळाचे शिपाई पायदळ म्हणून लढण्यास आणले होते. जागा एवढी, की टेनिसची तीन पटांगणे जेमतेम मावावी. तोफांचा मारा ठरल्या वेळेपूर्वी सुमारे सात मिनिटे थांबला. त्या सात मिनिटांत तुर्क खंदकात परत येऊन मशीनगनमागे बसले. तरी हुकूम सुटला. पहिली रांग खंदकातून वर चढली आणि कोसळली. दुसरी चढली, कोसळली. पुढे काय आहे हे डोळ्यांनी दिसत असता तिसरी चढली. चौथीतलेही लोक वर गेले. सुमारे सहाशे माणसांपैकी २३४ मेली. हे शौर्य निःसंशय. पण ज्यांनी तिसरी रांग पाठविली त्यांच्या शहाणपणाला काय म्हणावे? शिपायाचे शौर्य हा सेनापतीच्या चुकीवरचा पडदा होऊ नये, एवढे आम्ही म्हणतो.

डिसेंबरमध्ये माघार घ्यावयाचे ठरले, आणि साऱ्या स्वारीतली उत्तम वठलेली हालचाल कोणती, तर ही माघार! रात्रीमागून रात्री माणसे चोरपावलांनी उतरत होती. मागे ठेवलेल्या बंदुकांना डबे टांगले होते. वरच्या डब्यातून खालच्या डब्यात पाणी ठिबकावे, खालचा जड झाला की घोडा ओढला जावा आणि रिकाम्या खंदकातून बार निघावा अशी युक्ती होती. २० डिसेंबर १९१५ ला पहाटे शेवटचा माणूस निघाला, आणि तुर्कांना पत्ता लागला नाही. जाणाऱ्यांना दुःख होते ते मागे राहिलेल्यांचे. ऑस्ट्रेलियाचे आठ हजारांहून अधिक आणि न्यूझीलंडचे सुमारे पावणेतीन हजार त्या टेकड्यांत राहिले. आपल्या भूमीचे रक्षण करताना मेलेल्या तुर्कांची संख्या ८० हजारांवर जाते. इंग्रज आणि फ्रेंच यांचेही हजारो लोक तिथे पडले. हेही सांगितले पाहिजे, कारण एकाच बाजूची प्रेते मोजणारा इतिहास हा अर्धाच इतिहास असतो.

आता घरी काय चालले होते ते पाहू. शिपाई मेला की लष्कराची तार येई, आणि ती घरी नेऊन देण्याचे काम गावच्या धर्मोपदेशकाकडे सोपविलेले असे. जो एरवी आशीर्वाद द्यावयाचा, लग्ने लावावयाची, त्याची चाहूल रस्त्यावर लागली की बायका दाराआड उभ्या राहून देवाची करुणा भाकीत. तो आपल्या फाटकाशी थांबतो की पुढे जातो! पुढे गेला तर सुटकेचा श्वास, आणि लगेच शेजारणीच्या दुःखाने काळजात कालवाकालव. प्रेत घरी येण्याची सोय नव्हतीच. आईला दहा हजार मैलांवरची कबर आयुष्यात एकदाही दिसावयाची नव्हती.

प्रथम प्रथम मृतांच्या याद्या वाचून अधिकच तरुण पुढे आले. जुलै १९१५ या एका महिन्यात ३६ हजारांवर लोकांनी नाव घातले. पण १९१६ साली हे सैन्य फ्रान्सला गेले, आणि मग मात्र हिशेबच पालटला. १९ जुलैला फ्रोमेल येथे एका रात्रीत साडेपाच हजारांवर माणसे मेली, घायाळ झाली किंवा सापडली. लगोलग पोझिएर नावाच्या एका खेड्यापायी सहा-सात आठवड्यांत २३ हजार माणसे गारद झाली. गॅलिपोलीवर आठ महिन्यांत जेवढे नुकसान सोसले, जवळजवळ तेवढे इथे दीड महिन्यात! भरती आटू लागली. सुरुवातीला पाच फूट सहा इंच उंची लागे, ती अट उतरत उतरत १९१७ मध्ये पाच फुटांवर आली.

आणि इथे, आमच्या मते, या कहाणीतला खरा कसोटीचा क्षण आला. पंतप्रधान ह्यूज यांनी ठरविले की आता सक्तीची भरती करावी. त्यासाठी त्यांनी लोकांचे मत घेतले, २८ ऑक्टोबर १९१६ रोजी. ऐन युद्धात, तरुण मुलांना परदेशी लढावयास धाडण्याची सक्ती करावी काय, असा प्रश्न सरकारने थेट जनतेला विचारला. तिथल्या गोऱ्या स्त्रियांना १९०२ पासून मताधिकार होता, त्यामुळे आयांनाही मत देता आले. देश दुभंगला. सक्तीला विरोध करणारे ते देशद्रोही, आणि सक्ती मागणारे ते खाटीक, अशी भाषा सुरू झाली. न लढणाऱ्या तरुणांच्या हाती भित्रेपणाची खूण म्हणून पांढरी पिसे देण्यात आली. मजूर पक्ष फुटला. मतमोजणी झाली तेव्हा अनुकूल १० लाख ८७ हजार, प्रतिकूल ११ लाख ६० हजार. ७२ हजारांच्या फरकाने लोकांनी 'नाही' म्हटले. आश्चर्य हे, की प्रत्यक्ष सैन्यातही एकमत नव्हते. सुमारे ७२ हजार सैनिकांनी होकार दिला, तर जवळजवळ ५९ हजारांनी नकार. ज्याने तो नरक पाहिला होता, त्याला दुसऱ्याला तिथे ओढून आणावेसे वाटेना. २० डिसेंबर १९१७ ला पुन्हा मत घेतले. या वेळी नकार आणखी वाढला, १ लाख ६६ हजारांच्या फरकाचा!

अमक्याची बाजू बरोबर होती असा निवाडा आज आम्ही देत बसणार नाही. आम्हाला जे दिसते ते एवढेच, की सरकारने विचारले, लोकांनी नकार दिला आणि तो नकार सरकारने पाळला. सैन्य शेवटपर्यंत स्वखुशीचे राहिले. २५ एप्रिलला राष्ट्र जन्मले असे ऑस्ट्रेलियात म्हणण्याची रीत आहे. आम्हाला वाटते, गॅलिपोलीच्या किनाऱ्यावर राष्ट्राची हिंमत दिसली, आणि मतपेटीपाशी राष्ट्राचा विवेक दिसला. बलिदान मागण्याचा अधिकार कोणाला, हा प्रश्न ज्या समाजात मोठ्याने विचारता येतो, त्या समाजातल्या बलिदानाला वेगळे मोल येते.

पुढचा युद्धाचा भाग थोडक्यात आटोपतो. १९१८ च्या मेमध्ये या सैन्याची धुरा जॉन मोनाश यांच्याकडे आली. पेशाने इंजिनिअर, ज्यू निर्वासितांच्या नव्हे, पण बाहेरून येऊन स्थायिक झालेल्या ज्यू कुटुंबातला मुलगा. माणसांच्या छातीपेक्षा रणगाडे, तोफा आणि विमाने यांवर भिस्त ठेवावी, शिपायाचे रक्त जपून खर्चावे, असा त्यांचा बाणा. ४ जुलैला हॅमेलची लढाई त्यांनी ९३ मिनिटांत जिंकली. ८ ऑगस्टला आमिअँपाशी जो निर्णायक तडाखा जर्मनांना बसला, त्यातही त्यांचे सैन्य आघाडीवर होते. नोव्हेंबरात युद्ध संपले. हिशेब असा: ४ लाख १६ हजारांवर लोकांनी नाव घातले, सुमारे ३ लाख ३० हजार परदेशी गेले, ६० हजारांवर मेले, दीड लाखांवर जखमी झाले, विषारी वायूने भाजले किंवा कैद झाले. म्हणजे गेलेल्या दर तिघांतल्या दोघांना युद्धाने कोठे ना कोठे डागले.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. या ६० हजारांचे त्या राष्ट्राने पुढे काय केले?

चार्ल्स बीन नावाचा वार्ताहर पहिल्या दिवशीच शिपायांबरोबर किनाऱ्यावर उतरला होता. पायात गोळी शिरली तरी त्याने जागा सोडली नाही. १९१९ साली तो पुन्हा गॅलिपोलीवर गेला. नेकच्या त्या खिंडीत चार वर्षे उघड्यावर पडलेली हाडे त्याने पाहिली. मग त्याच्या देखरेखीखाली बारा खंडांचा इतिहास तयार झाला, आणि त्यातले सहा खंड त्याने स्वतः लिहिले. त्याचे वैशिष्ट्य सांगतो. साधा शिपाई पानावर आला की खाली टीप यावयाची, की हा अमुक गावचा, शेतकरी किंवा कारकून किंवा खाणकामगार, अमक्या साली जन्मला, अमक्या दिवशी पडला. आपल्या बखरींत सरदारांची नावे असतात, आणि बाकीचे 'हजारो कामास आले' एवढ्यात संपतात. बीनने त्या 'हजारो' या शब्दाची फोड केली.

दुसरी व्यक्ती एक तरुण मुलगी, व्हेरा डीकिन. माजी पंतप्रधानांची कन्या. ऑक्टोबर १९१५ मध्ये, वयाच्या तेविसाव्या वर्षी, तिने कैरोत रेडक्रॉसची एक कचेरी उघडली. बेपत्ता शिपायांचा शोध घ्यावयाचा, रुग्णालयांत हिंडून त्यांच्या सोबत्यांना विचारावयाचे आणि घरच्यांना खरे ते कळवावयाचे, हे तिचे काम. 'बेपत्ता' या शब्दाएवढा क्रूर शब्द आईच्या दृष्टीने दुसरा नसेल. या कचेरीने सुमारे ३२ हजार जणांची स्वतंत्र टिपणे केली.

तिसरी गोष्ट कबरींची. सर्वांना एकसारखा दगड, मग तो जनरल असो की शिपाई, असा नियम होता. घरच्यांना खाली ६६ अक्षरांपर्यंत आपला मजकूर घालता येई. सुरुवातीला अक्षरामागे साडेतीन पेन्स आकारावयाचे ठरले होते. साऱ्या आयुष्याचे प्रेम ६६ अक्षरांत बसवावयास बसलेल्या त्या माउलीचे चित्र डोळ्यांपुढे आणा.

आणि हे काम अजून संपलेले नाही. फ्रोमेलच्या रात्री पडलेल्या अनेकांचा पत्ताच नव्हता. मेलबर्नच्या एका निवृत्त शाळामास्तरांनी वर्षानुवर्षे चिकाटीने माग काढला, की जर्मनांनी त्यांना एका रानाजवळ सामुदायिक खड्ड्यांत पुरले असले पाहिजे. अधिकारी प्रथम मान हलवीत राहिले. पण २००९ साली त्या जागेतून २५० देह निघाले. वंशजांच्या रक्ताशी ताडून पाहून त्यांतल्या १७० हून अधिक जणांना त्यांची नावे परत मिळाली, आणि २०१० साली तिथे नवी दफनभूमी सिद्ध झाली. ९४ वर्षांनी एका माणसाला त्याचे नाव परत देणे, याला श्राद्ध म्हणावे असेच आम्हाला वाटते. कॅनबेराच्या युद्धस्मारकात आज सर्व युद्धांतील १ लाख ३ हजारांवर नावे ब्राँझच्या पत्र्यांवर कोरलेली आहेत. कोणाच्याही नावापुढे हुद्दा नाही.

इथवर आम्ही त्या राष्ट्राचे गुणगान केले. आता दुसरी बाजू न सांगितली तर तो खुशमस्करेपणा होईल.

ज्या देशाने शिपायाशिपायाची टीप लिहिली, त्याच देशाच्या राज्यघटनेत १२७ वे कलम होते. देशाची लोकसंख्या काढताना मूळ आदिवासींना त्यात मोजू नये, असे ते सांगत होते! लष्करी नियमांनी त्या आदिवासींना भरतीची दारे बंद केली होती. तरी वंश लपवून, आणि १९१७ मध्ये नियम थोडा सैल झाल्यावर, हजाराहून अधिक आदिवासी या युद्धात गेले. खंदकात त्यांना बरोबरीचा पगार मिळाला, सोबत मिळाली. परत आल्यावर इतर सैनिकांना जमिनी वाटण्यात आल्या. यांच्या वाट्याला त्या क्वचितच आल्या. ते १२७ वे कलम रद्द झाले १९६७ साली.

आणि ती चपाती? १९०१ साली नव्या संसदेने जे पहिले काही कायदे केले, त्यांतला एक गोऱ्यांखेरीज इतरांना देशात येऊन राहू न देण्याचा होता. ज्या हिंदी माणसाच्या हातची चपाती ऑस्ट्रेलियन शिपायाने भुकेने खाल्ली, त्या हिंदी माणसाला त्या शिपायाच्या गावी घर करण्याची मुभा नव्हती. १९१९ च्या पॅरिस परिषदेत पंतप्रधान ह्यूज यांनी ६० हजार मृतांचे नाव पुढे करून आपल्या राष्ट्रासाठी मानाची जागा मिळविली. त्याच परिषदेत सर्व वंश समान मानावेत हा जपानचा ठराव हाणून पाडण्यात तेच पुढे होते. मेलेल्यांना बोलता येत नाही. म्हणून जिवंतांनी त्यांच्या नावावर काय मागावे याचा फार विचार केला पाहिजे.

आता शेवटी आमच्या घरचे दोन शब्द. त्याच महायुद्धात हिंदुस्थानातून दहा लाखांवर लोक समुद्रापलीकडे गेले आणि सुमारे ७४ हजार मेले. त्यांच्या बाबतीत कोणी लोकांचे मत विचारले होते काय? विचारणे दूरच. जून १९१८ मध्ये मुंबईच्या युद्धपरिषदेत लोकमान्य टिळक सहकार्याबरोबर स्वराज्याची गोष्ट बोलू लागले, तेव्हा गव्हर्नर विलिंग्डन यांनी त्यांना मध्येच अडविले आणि लोकमान्य सभा सोडून निघून गेले. माणसे हवी होती, त्यांचे म्हणणे नको होते.

ऑस्ट्रेलियाने पहिला स्मरणदिन पाळला २५ एप्रिल १९१६ ला. नेमक्या त्या दिवशी मेसोपोटेमियात कूत येथे वेढ्यात अडकलेल्या फौजेत १०३, ११० आणि ११७ या क्रमांकांच्या आमच्या मराठा पलटणी उपासमारीने खंगत होत्या. चारच दिवसांनी, २९ एप्रिलला, कूत पडले, आणि त्या कैदेत कितीकांचा अंत झाला. मेसोपोटेमियात मेलेल्या आणि कबर न मिळालेल्यांसाठी बसऱ्याला स्मारक बांधले. त्यावर इंग्रजांची नावे कोरली. हिंदी अंमलदारांची कोरली. साध्या हिंदी शिपायांचे काय? त्यांच्या पलटणीच्या नावाखाली केवळ आकडा. इतके मेले, बस्स! या भेदभावाबद्दल त्या युद्धकबरींच्या मंडळाने माफी मागितली ती २०२१ साली.

पण परक्यांकडे बोट दाखवून आपण मोकळे होऊ नये. साताऱ्याजवळ अपशिंगे गाव आहे. पहिल्या महायुद्धात कामास आलेल्या त्या गावच्या ४६ जणांची आठवण तिथे जपली जाते, आणि म्हणून ते गाव मिलिटरी अपशिंगे म्हणून ओळखले जाते. पण साताऱ्यात, कोकणात अशा शिळा आणखी कितीतरी गावांत आहेत. या गावातून इतके गेले, इतके मेले, एवढेच त्यांवर लिहिलेले. येताजाता त्या आपण पाहतो, कोणी त्यावर जाहिरात चिकटवितो, कोणी सायकल टेकवून ठेवतो. तो आकडा कोणाचा, हे त्या गावातल्या म्हाताऱ्यांनाही आता सांगता येत नाही. ते आपल्या राज्यासाठी लढले नाहीत, परक्यांच्या पगारासाठी लढले, असे म्हणून आपण त्यांना विसरलो. पण त्यांच्या आयांना झालेले दुःख परके होते काय?

रक्त सांडल्याने राष्ट्र होते काय, असा प्रश्न आम्ही आरंभी टाकला होता. आमचे उत्तर असे, की रक्त सगळीकडेच सांडते. सांडण्यापूर्वी विचारले काय, सांडल्यावर मोजले काय, आणि मोजताना सर्वांना मोजले काय, यावरून राष्ट्राची पारख होते. पहिल्या दोन कसोट्यांना ते तरुण राष्ट्र मोठ्या मानाने उतरले. तिसरीला उतरावयास त्याला फार उशीर लागला. आपली परीक्षा अजून व्हावयाची आहे.

ज्यांच्या गावी अशी शिळा असेल त्यांनी येत्या सुटीत तिच्यापाशी जावे. तिच्यावरची धूळ झाडावी. गावातल्या जुन्या घरांत पेटीच्या तळाशी एखादे पदक, एखादा पेन्शनचा कागद असतो. तो मागून पाहावा, आणि एक नाव सापडले तर ते वहीत लिहून ठेवावे. काम लहान आहे, आणि ते आपल्यावाचून दुसरे कोणी करणार नाही.